मेंदूच्या दुखापतीनंतर उपचार, भरपाई आणि पुनर्वसनाचा निधी कायद्याने कसा मिळवावा

अमेरिकेत मेंदूच्या आघातजन्य दुखापतींसाठी १९९६ पासून स्वतंत्र कायदा आहे. प्रतिबंध, संशोधन आणि रुग्णांसाठीच्या सेवा यांसाठी त्या कायद्याखाली सरकारी निधी दिला जातो. भारतात मेंदूच्या दुखापतीच्या नावाने असा एकही कायदा नाही. निधी येथेही आहे, परंतु तो मोटार वाहन कायदा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, कामगार विम्याचे कायदे, रेल्वे कायदा आणि राज्याच्या आरोग्य योजना यांत विखुरलेला आहे. प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी, अर्ज वेगळा आणि अधिकारीही वेगळा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना नातेवाइकांना हे सारे शोधून काढणे शक्य नसते, आणि ज्या मुदती सर्वांत महत्त्वाच्या असतात त्या नेमक्या त्याच काळात धावत असतात. म्हणून या मार्गदर्शिकेत गोष्टी ज्या क्रमाने कराव्या लागतात, साधारण त्याच क्रमाने सांगितल्या आहेत. केंद्रीय कायदे देशभर लागू आहेत. राज्याच्या योजनांचा उल्लेख जेथे येतो तेथे महाराष्ट्र गृहीत धरला आहे.

पहिला तास आणि पहिले सात दिवस

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली: गंभीर इजा झाल्यानंतरचा एक तास, ज्यात तातडीच्या उपचाराने मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते. याच दुरुस्तीच्या कलम १६२ नुसार रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना केंद्र सरकारने करणे बंधनकारक झाले. ती प्रत्यक्षात येण्यास मात्र मे २०२५ उजाडले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी जानेवारीत मुदत घालून दिल्यानंतर. या योजनेखाली मोटार वाहनामुळे झालेल्या कोणत्याही रस्ते अपघातातील जखमीला अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार नामनिर्देशित रुग्णालयात रोख न भरता मिळतात. रुग्णालय योजनेत नसेल तर तेथे केवळ प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च योजनेत धरला जातो. म्हणून १०८ ची रुग्णवाहिका मागवताना किंवा ११२ वर कळवताना, जवळचे नामनिर्देशित रुग्णालय कोणते आणि तेथे मेंदूची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर व सीटी स्कॅन आहे का, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला आधी एका ठिकाणी आणि मग दुसऱ्या ठिकाणी हलवण्यात जो वेळ जातो, तो पुढे कोणत्याही भरपाईने परत मिळत नाही.

अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या व्यक्तीने घाबरण्याचे कारण नाही. कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ‘पोलीस केस आहे, आधी पोलिसांना येऊ द्या’ असे म्हणून रुग्णालयाला प्राथमिक उपचार रोखता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

रोकडविरहित योजनेतील खर्चाला मान्यता मिळण्यासाठी अपघाताची पोलिसांकडून खातरजमा व्हावी लागते आणि ती ऑनलाइन नोंदवली जाते. नोंद झाली की नाही, हे रुग्णालयाच्या खिडकीवर आणि पोलीस ठाण्यात अशा दोन्हीकडे विचारून घ्यावे. दुसरे असे की सात दिवस हा काळ डोक्याच्या गंभीर दुखापतीत फारच अपुरा आहे. अनेक रुग्ण त्या वेळी शुद्धीवरही आलेले नसतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली पुढील उपचारांची पूर्वमंजुरी मिळेल का, हे विचारावे. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून ती आता राज्यातील सर्व कुटुंबांना खुली आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार लागते, आणि रुग्णालय योजनेत अंगीकृत असावे लागते. कुटुंबाने खासगी विमा घेतला असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवावे.

कागद सुरुवातीपासून बरोबर करून घ्यावेत

या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, की मेंदूच्या दुखापतीत कायदा पैसे देतो ते कागदावर उमटलेल्या नुकसानीचे. पाय मोडला तर एक्स-रे दिसतो, प्लास्टर दिसते, लंगडणे दिसते. मेंदूला मार लागलेला माणूस काही महिन्यांनी चालू-बोलू लागतो, पण त्याला हिशेब जमत नाही, ताजी गोष्ट आठवत नाही, राग आवरत नाही, आणि यातले काहीही न्यायाधीशांना किंवा वैद्यकीय मंडळाला दहा मिनिटांत दिसत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून पुढील नोंदी आहेत का, हे पाहावे. रुग्णालयाने एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या इजेची नोंद) नोंदवली पाहिजे. दाखल करतानाच्या कागदावर शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचा गुणांक आला पाहिजे. हा गुणांक ३ ते १५ असतो आणि ८ किंवा त्याहून कमी असल्यास दुखापत गंभीर मानली जाते. रुग्ण किती वेळ बेशुद्ध होता, अपघाताआधीचे व नंतरचे त्याला किती आठवत नाही, फीट आली का, व्हेंटिलेटरवर किती दिवस होता, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागली का, हे डिस्चार्ज कार्डवर असावे. ‘हेड इंज्युरी, प्रकृती स्थिर, घरी सोडले’ एवढीच ओळ असलेले डिस्चार्ज कार्ड पुढे फारसे कामाचे नसते. घरी जाण्यापूर्वीच सविस्तर गोषवारा मागून घ्यावा. सीटी आणि एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी जपाव्यात, केवळ अहवाल पुरत नाही.

पोलिसांकडील कागदांत प्रथम खबर (एफ.आय.आर.), घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि विमा पॉलिसीची प्रत हे सर्वांत महत्त्वाचे. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला आहे म्हणून तक्रार नोंदवण्यास नकार देता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न पाहता खबर नोंदवून ती संबंधित ठाण्याकडे पाठवावी लागते. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमीच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुनाही त्याने कुटुंबाला द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो क्वचितच आपणहून हाती पडतो. लेखी अर्ज करून मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

खर्चाच्या पावत्या तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवाव्यात. औषधांबरोबरच रुग्णवाहिका, रिक्षा, डायपर, वॉटर बेड भाडे, फिजिओथेरपिस्टची फी, रात्रीच्या आयाचे पैसे असे सगळेच त्यात धरावे. घरचे कोणी नोकरी सोडून रुग्णापाशी बसले असेल तर त्याच्या रजेचे किंवा राजीनाम्याचे पत्रही ठेवावे.

दाव्याची मुदत आणि एक मोठी चूक

मोटार अपघाताची भरपाई मागण्याचा अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावा लागतो. पूर्वी त्याला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिनांकापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, पण त्यावर विसंबून राहणे हा निव्वळ जुगार ठरेल. अनेक कुटुंबे ‘आधी माणूस बरा होऊ दे, मग बघू’ म्हणून थांबतात. डोक्याच्या दुखापतीत नेमके हेच घातक आहे, कारण सुधारणा वर्ष-दोन वर्षे चालू राहते आणि सहा महिने तोवर केव्हाच उलटून गेलेले असतात. अर्ज लगेच दाखल करावा आणि कायमस्वरूपी अपंगत्वाचा पुरावा नंतर, प्रकृती एका पातळीवर स्थिरावल्यावर द्यावा. न्यायाधिकरणापुढे हे करता येते. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, आपण राहतो त्या ठिकाणी किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणी, यांपैकी कोठेही करता येतो.

रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर पत्नी, पती, आई-वडील किंवा अन्य जवळची व्यक्ती त्याचा वादमित्र म्हणून अर्ज चालवू शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

आता ती मोठी चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. रुग्णालयाचे बिल समोर असताना ही रक्कम आकर्षक वाटते. परंतु विमा कंपनीच्या प्रस्तावातून कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. हाड मोडून ते पूर्ण जुळले असेल तर अडीच लाख कदाचित पुरेसे ठरतील. ज्याला जन्मभर कोणीतरी सोबत लागणार आहे त्याच्यासाठी ते काहीच नाहीत. माझ्या मते मेंदूच्या मध्यम किंवा गंभीर दुखापतीत कलम १६४ चा पर्याय स्वीकारू नये, आणि लोकअदालतीत तडजोड करण्यापूर्वीही न्यूरोसर्जन व मानसशास्त्रज्ञ यांचा लेखी अंदाज हातात असावा.

ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्या पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. स्वतःच्याच दुचाकीवरून कोणाचाही धक्का न लागता घसरून पडलेल्या चालकाला तृतीय पक्ष विम्याचा उपयोग नसतो. मात्र पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल तर त्यात पंधरा लाखांपर्यंतची तरतूद असते. तो हप्ता भरला होता का, हे पॉलिसीच्या कागदावर जरूर पाहावे. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून घेणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू असेल तर दोन्ही हातांचा किंवा दोन्ही पायांचा वापर गमावल्यास दोन लाख मिळतात. त्या योजनेच्या व्याख्येत डोळे, हात आणि पाय आहेत. स्मरणशक्ती आणि विवेक गमावणे तिच्या लेखी नुकसानच नाही.

न दिसणारे नुकसान मोजून घ्यावे

अपघातानंतर साधारण सहा महिन्यांनी, आणि पुन्हा वर्षभराने, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्यावी. तीत लक्ष, स्मृती, विचार करण्याचा वेग, नियोजन, भाषा आणि वर्तन यांची रीतसर मोजणी होते. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत हे काम उत्तम होते. मोठ्या शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतही विचारावे. वाचा-भाषा तज्ज्ञाचा, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा आणि फिजिओथेरपिस्टचा अहवाल स्वतंत्रपणे घ्यावा.

त्याबरोबर घरी एक साधी वही ठेवावी. रोज दोन ओळी: आज गॅस चालू ठेवून विसरले, दुकानात सुटे पैसे मोजता आले नाहीत, मुलावर हात उगारला, दुपारी फीट आली. या वहीला कायद्यात स्वतंत्र स्थान नसले, तरी साक्ष देताना नातेवाइकाला तारखांसह सांगता येते आणि डॉक्टरही तिचा आधार घेऊन प्रमाणपत्रात नेमके लिहू शकतात. ‘स्वभाव बदलला आहे’ या विधानाने काहीच सिद्ध होत नाही. ‘अपघातापूर्वी अकरा वर्षे दुकानाचा हिशेब ठेवत होता, आता शंभर रुपयांतून सदतीस वजा करता येत नाहीत’ या विधानाने बरेच काही सिद्ध होते.

न्यायाधिकरणापुढे हा भेद का महत्त्वाचा ठरतो, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या एका निकालात दिसते. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई करण्याच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाने म्हटले. डॉक्टरांनी एखाद्या अवयवाचे किंवा संपूर्ण शरीराचे अमुक टक्के अपंगत्व लिहिले म्हणून कमाईतील घट तेवढीच धरायची नाही. त्या माणसाचा व्यवसाय, वय आणि अपघातानंतर तो काय करू शकतो हे पाहून ठरवायचे. शिक्षकाची बोलण्याची शक्ती किंवा हिशेबनीसाची आकडेमोड गेली तर प्रमाणपत्रावर तीस टक्के असले तरी कमाईच्या दृष्टीने नुकसान जवळपास संपूर्ण असू शकते. मात्र हे घडवून आणण्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते. प्रमाणपत्र नुसते जोडून भागत नाही.

भरपाईच्या अर्जात काय मागावे

झालेला वैद्यकीय खर्च, पुढे लागणारा वैद्यकीय खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, भविष्यातील कमाईचे नुकसान, प्रवास व पोषक आहार, वेदना, आयुष्यातील आनंदाला मुकणे, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचा खर्च अशी शीर्षके स्वतंत्रपणे लिहावीत. यांतले शेवटचे शीर्षक बहुतेक अर्जांत एक ठोक, लहानशी रक्कम घालून उरकले जाते, आणि डोक्याच्या दुखापतीत तर तेच सर्वांत मोठे असते.

२०२० मधील एका निकालाचा येथे आवर्जून उल्लेख करतो. २००७ साली ट्रॅक्टरवरून आई-वडिलांबरोबर जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला ट्रकने धडक दिली. मेंदूला इतकी इजा झाली, की तिची सामाजिक समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. उच्च न्यायालयाने सुमारे पंचवीस लाख अठ्ठ्याहत्तर हजार रुपये दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम वाढवून ६२ लाख २७ हजार केली. यातील २१ लाख ६० हजार रुपये केवळ सांभाळणाऱ्यांसाठी होते: दोन परिचारक, प्रत्येकी महिना पाच हजार, आणि त्यांच्या वर्षाच्या रकमेला अठरा या वयानुसार ठरणाऱ्या गुणकाने गुणून. एकरकमी अंदाज न करता गुणक पद्धतीने ही रक्कम काढावी, हे तत्त्व त्या निकालाने ठळक केले. आपल्या वकिलाला हा निकाल दाखवावा. परिचारकाच्या सध्याच्या दराचे एखाद्या संस्थेचे लेखी पत्रक अर्जाला जोडावे, आणि घरचेच माणूस सांभाळत असले तरी हे शीर्षक सोडू नये.

निवाड्यानंतर रक्कम बहुधा पूर्ण हाती येत नाही. मोठा भाग न्यायाधिकरण बँकेत मुदतठेवीत ठेवते आणि व्याज दरमहा देण्याचा आदेश करते. हे रुग्णाच्या हिताचेच असते. शस्त्रक्रिया किंवा पुनर्वसनासाठी मुदतीआधी पैसे हवे असतील तर डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा.

रस्त्याबाहेरचे अपघात

कामाच्या ठिकाणी उंचावरून पडणे, यंत्राचा मार लागणे यांसाठी कर्मचारी भरपाईची तरतूद १९२३ पासून आहे, आणि ती आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाली आहे. राज्य कामगार विमा (ईएसआय) लागू असेल तर उपचार विम्याच्या रुग्णालयात होतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कामावर असताना मोटार अपघात झाला असेल तर कामगार कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच निवडावा लागतो. निवड वकिलाशी बोलून करावी, कारण रकमांत मोठा फरक पडतो.

लोकलमधून किंवा रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागल्यास रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १२४-अ लागू होते. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात करावा लागतो, आणि तिकीट किंवा पास हा येथील महत्त्वाचा पुरावा असतो. जखमीच्या खिशातील वस्तूंची नोंद पोलिसांनी केली असेल तर तिची प्रत घ्यावी. आत्महत्येचा प्रयत्न, नशेतील कृत्य किंवा स्वतःच्या आजाराने पडणे या बाबी यातून वगळलेल्या आहेत.

मारहाणीत मेंदूला इजा झाली असेल तर पीडित भरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. घरात जिन्यावरून पडलेल्या आजोबांसाठी मात्र कोणतीही भरपाई नाही; त्यांना आरोग्य योजना आणि पुढील परिच्छेदांतला दिव्यांग हक्क कायदा एवढाच आधार आहे.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्यातील शब्द

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. ‘मेंदूची आघातजन्य दुखापत’ हा प्रकार त्यांत नाही. जुनाट मज्जासंस्थाविषयक आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स यांची नावे आहेत, मेंदूच्या दुखापतीचे नाही. म्हणून अर्ज दुखापतीच्या नावाने न करता तिच्या परिणामांच्या नावाने करावा लागतो: अर्धांगवायूसाठी चलनवलनविषयक दिव्यांगता, बोलणे गेले असल्यास वाचा व भाषा दिव्यांगता, नजर कमी झाली असल्यास अल्पदृष्टी, वर्तनातील तीव्र बदलांसाठी मानसिक आजार, आणि एकाहून अधिक परिणाम असल्यास बहुविध दिव्यांगता. अनेक ठिकाणी मंडळ फक्त हातापायांची ताकद तपासते आणि टक्केवारी चाळीसच्या खाली येते. चाळीस टक्के ही बहुतेक लाभांची किमान अट आहे. म्हणून मंडळापुढे जाताना न्यूरोसायकॉलॉजिकल अहवाल आणि वाचा-भाषा तज्ज्ञाचा अहवाल समोर ठेवून बहुविध दिव्यांगतेखाली मूल्यमापन करण्याची लेखी विनंती करावी. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो, आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमलेल्या शासकीय रुग्णालयात होते. निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येते.

वैश्विक दिव्यांग ओळखपत्र आल्यावर चाकाची खुर्ची, वॉकर यांसारख्या साधनांसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून, मासिक अनुदानासाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून अर्ज करता येतो. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा निधी बऱ्याच ठिकाणी वर्षअखेर घाईने वाटला जातो. त्यामुळे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच थेरपीसाठी मदत मागणारा अर्ज देऊन ठेवावा.

पुनर्वसनाच्या सेवांबाबत कायद्याची भाषा मोठी असली तरी तिला एक पळवाट आहे. कलम २७ सरकार व स्थानिक संस्थांना पुनर्वसन सेवा देण्यास सांगते, पण ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी पाच लाख मिळतात आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या थेरपीचा भार घरावर पडतो, अशी उलटी स्थिती आहे. मुंबईत हाजी अली येथील केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते. जिल्हा पातळीवर जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र आहे का, याची चौकशी समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण कार्यालयात करावी.

नोकरी आणि निर्णयाधिकार

जखमी व्यक्ती सरकारी किंवा निमसरकारी सेवेत असेल तर दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २०(४) फार मोलाचे आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून त्या कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर ठेवावे लागते. अशा वेळी कार्यालयातून ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ असा सल्ला मिळाला तर त्यावर घाईने सही करू नये. खासगी नोकरीला हे संरक्षण नाही.

रुग्ण कोमात असेल आणि बँकेचे खाते किंवा जमिनीचे व्यवहार अडले असतील तर त्यासाठी स्वतंत्र कायदा नसल्याने उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली जवळच्या नातेवाइकाला पालक नेमतात. शुद्धीवर असलेल्या पण निर्णय घेण्यास मदत लागणाऱ्या व्यक्तीसाठी दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचे असतात.

प्रतिबंधाचा पैसा मागण्याची पद्धत

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मरण पावले आणि त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वार व मागे बसणारे हेल्मेटविना होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे, आणि ते आय.एस. ४१५१ या मानकाचे हवे. हे वैयक्तिक पातळीवरचे झाले. एखाद्या वळणावर वारंवार अपघात होत असतील तर तेथेही नागरिकाला कायद्याचा उपयोग करता येतो.

राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात लागोपाठ तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले असतील तर तो ब्लॅक स्पॉट ठरतो. संबंधित पोलीस ठाण्याकडे माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून त्या पट्ट्यातील तीन वर्षांच्या प्रथम खबरींची संख्या, तारीख आणि ठिकाण मागावे. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. ते आकडे, जागेची छायाचित्रे आणि नेमकी मागणी, म्हणजे दुभाजकातील कट बंद करणे, दिवा, गतिरोधक किंवा कठडा, असे पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावे आणि एक प्रत रस्त्याच्या मालक यंत्रणेला द्यावी. सदोष बांधणीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार कंत्राटदार किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो दंड अपघातग्रस्तांच्या उपचारासाठीच्या मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो, हेही त्या पत्रात नमूद करावे. समितीच्या पुढील बैठकीनंतर तिचे इतिवृत्त मागून घ्यावे आणि आपल्या पत्रावर काय ठरले ते त्यात पाहावे. काहीच नोंद नसेल तर तेच पत्र पहिल्या पोचेच्या प्रतीसह पुन्हा द्यावे.